लिनोलियमच्या माथी मारलेले प्लास्टिकचे दोष

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमबद्दल एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लिनोलियम म्हणजे प्लास्टिकच, त्यातून विषारी वायू सुटतो, आपल्याकडच्या पावसात ते कुजते आणि चार वर्षांत उचकटून टाकावे लागते, सबब टाइल्सशिवाय पर्याय नाही. यांतला पावसाचा मुद्दा तेवढा दखल घेण्याजोगा आहे. बाकीचे भलत्याच वस्तूचे दोष आहेत.

दुकानात लिनोलियम म्हणून मीटरवर कापून मिळते ते बहुतेक वेळा पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनाइलचे, मॅट असते. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६३ साली ज्याचे पेटंट घेतले ते लिनोलियम जवसाच्या तेलाचे आहे, त्याच जवसाच्या, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट झालेल्या या तेलात राळ, लाकडाचा भुसा, बुचाची पूड, चुनखडीची भुकटी आणि रंग मिसळून तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवतात आणि तो पट्टा गरम खोल्यांत टांगून मुरू देतात. ओळखायचे असेल तर तुकड्याची कापलेली कड पाहावी : रंग वरपासून खालपर्यंत गेलेला असतो, पाठीमागे तागाचे धागे दिसतात आणि नाकाशी धरल्यास तेलाचा वास येतो. घरगुती व्हिनाइलची नक्षी बहुधा वरच्या पातळ थरात छापलेली असते.

विषारी वायूचा आरोपही असाच पत्ता चुकलेला आहे. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेटसारखी द्रव्ये घालत आले आहेत आणि पीव्हीसी जळताना त्यातल्या क्लोरीनमुळे हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. लिनोलियमला त्या द्रव्यांची गरज नसते आणि त्याचा मूळ माल क्लोरीनवर बेतलेला नाही. अर्थात, त्यातून काहीच बाहेर पडत नाही, हा काही विक्रेत्यांचा दावाही मला मान्य नाही. तेलाचे ऑक्सिडीकरण चालू असताना थोडे अल्डिहाइड, म्हणजे उडून जाणारी वासाची रसायने, सुटतात, नव्या लिनोलियमचा वास त्यांचाच असतो, आणि म्हणून सुरुवातीला खिडक्या उघड्या ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आता पाऊस. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, आषाढात जोत्यातून ओल वर चढते हे तिथल्या कोणालाही सांगायला नको. लिनोलियमवर सांडलेले पाणी वेळीच पुसले तर काही बिघडत नाही. धोका खालून येणाऱ्या ओलीचा असतो, कारण तिच्यामुळे गोंद सुटतो, तागाचे कापड कुजते आणि सांधे फुगतात. तेव्हा संदेशातली भीती खरी असली तरी ती सर्व घरांना सारखी लागू होत नाही. वरच्या मजल्याच्या सुकलेल्या स्लॅबवर ही अडचण सहसा येत नाही. तळमजल्यावर, जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसेल, तर लिनोलियम घालूच नये. शंका असल्यास ऐन पावसाळ्यात कोब्यावर हात-दीड हात लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आत थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट दिसला, तर ओल आहे. कागद कोरडा निघाला तरी नव्या स्लॅबच्या बाबतीत एवढ्यावर न थांबता ओल मोजून घ्यावी.

चार वर्षांचे आयुष्य कोणत्या हिशेबाने काढले ते कळत नाही. नीट बसवलेले लिनोलियम पंचवीस-तीस वर्षे सहज टिकते, कारण रंग आरपार असल्याने झिजेचे ओरखडे उठून दिसत नाहीत. ते लवकर खराब होते ते बहुधा धुण्याचा सोडा किंवा ब्लीचिंग पावडर घालून पुसण्याच्या आपल्या सवयीने, कारण तीव्र अल्कली जवसाच्या तेलाचा बंधच सोडवतो. सौम्य साबणाचे पाणी आणि पिळलेले फडके पुरेसे असते.

राहिल्या टाइल्स. न्हाणीघरात आणि मोरीजवळ त्याच योग्य, याबद्दल वाद नाही. परंतु डिसेंबरच्या बेळगावी थंडीत पहाटे उठणाऱ्या आजी-आजोबांच्या खोलीत पायाला कमी गार लागणारी, थोडी दबणारी जमीन अधिक सोयीची असते. लिनोलियमची खरी अडचण संदेशात आलेलीच नाही : खरा माल मुख्यतः नेदरलंड्स, स्कॉटलंड, इटली अशा ठिकाणी तयार होतो, त्यामुळे तो आपल्याकडे मागवावा लागतो, महाग पडतो आणि तो बसवण्याचा हात असलेला कारागीरही आधी शोधावा लागतो.