आईला मी सांगायच्या आधी जाहिरातीनं सांगितलं

आईचा रिपोर्ट आला त्या रात्री झोप लागली नाही. दोन वाजता उठून लॅपटॉप उघडला आणि रिपोर्टमधला एक शब्द जसाच्या तसा सर्चमध्ये टाकला. मग दुसरा. मग डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नव्हता तो प्रश्नही टाइप केला. उजाडेपर्यंत वाचत होते. पुढच्या तपासण्या होईपर्यंत आईला काही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं.

पाचव्या दिवशी ती त्याच लॅपटॉपवर बातम्या वाचत बसली होती. बातमीच्या मधोमध एक चौकट आली. त्या आजाराचं नाव आणि खाली 'उपचारांचे पर्याय जाणून घ्या'. आईनं चष्मा नीट केला, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हे कुणासाठी शोधत होतीस?"

तिला हे कधी सांगायचं, कुठे बसून, कुठल्या शब्दांत, हे मला ठरवायचं होतं. ते माझ्या हातून गेलं.

'लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?' असं कुणी म्हटलं की आता मला राग येतो. सर्चच्या त्या चौकटीत माणूस जे विचारतो ते नवऱ्याला, मैत्रिणीला, कधीकधी डॉक्टरलाही विचारत नाही. हाताला लागलेली गाठ. न फिटणारं कर्ज. घटस्फोट घ्यावा का. यात गुन्हा काय आहे? पण कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस हे प्रश्न विचारायचेच थांबवेल, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

हे घडतं कसं, ते मी नंतर समजून घेतलं. आपण एक पान उघडतो, पण त्या पानात दहा-वीस परक्या कंपन्यांचे तुकडे असू शकतात. एखादी स्क्रिप्ट, एखादं डोळ्यांना न दिसणारं एका पिक्सेलचं चित्र. ते मागवताना ब्राउझर त्या कंपनीची कुकीही, म्हणजे तिनं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी चिठ्ठी, सोबत पाठवतो. आजाराची माहिती देणाऱ्या पानावर आणि बातमीच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असला की तिला कळतं, ही तीच. कुकी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी तयार केली, ती वेबसाइटला आपलाच पाहुणा लक्षात राहावा म्हणून. परक्यांनी घरोघर मागे फिरावं हा तिचा हेतू नव्हता.

'पण त्यांच्याकडे आपलं नाव कुठे असतं?' असंही विचारतात. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं सुमारे साडेसहा लाख लोकांचे जवळपास दोन कोटी सर्च संशोधनासाठी म्हणून खुले केले. नावं काढून तिथे आकडे घातले होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी नुसत्या सर्चवरून एका आकड्यामागच्या बाईंचं दार गाठलं. आपले प्रश्न एकाखाली एक लिहून काढले तर आपण कोण ते सहज कळतं, नावाची गरजच पडत नाही.

इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दल, स्पष्ट लिहिते, कारण तिथे फार गैरसमज आहे. मी ती वापरली असती तर आईसमोर ती जाहिरात बहुधा आली नसती. खिडकी बंद केली की आपल्या मशीनवरची हिस्टरी आणि कुकी पुसल्या जातात. पण ज्या साइटवर आपण गेलो ती साइट, तिच्यावरचे ट्रॅकर म्हणजे माग काढणारे ते परके तुकडे, इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क यांच्यापासून ती आपल्याला लपवत नाही. आणि आत जाऊन आपल्या अकाउंटला लॉगिन केलं तर मग उरलंच काय! याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलविरुद्ध खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं जुन्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं किंवा त्यातली ओळख पुसायचं कबूल केलं.

व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा, तिचंही तसंच. इंटरनेट कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. फुकटातला असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

मी काय केलं ते सांगते. अशा शोधांसाठी वेगळा ब्राउझर ठेवला, फायरफॉक्स, आणि त्यात कुठल्याच अकाउंटला लॉगिन करत नाही. त्यावर यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं, त्यानं बरेचसे ट्रॅकर दारातच अडतात. क्रोम वापरायचाच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकी, म्हणजे परक्या कंपन्यांच्या कुकी, बंद करा. त्या हटवणार असं गूगलनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं, २०२४ मध्ये तो बेत सोडला, त्यामुळे हे काम आपल्यालाच करावं लागतं. कुकीची पाटी आली की 'सगळं मान्य' दाबायच्या आधी नकाराचं बटण शोधा, ते बरेचदा मुद्दाम फिकट ठेवलेलं असतं. एवढ्यानं माणूस अदृश्य होत नाही. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइम झोन जुळवूनही ब्राउझर ओळखता येतो. पण माग काढणं बरंच अवघड होतं.

आईचे उपचार सुरू झालेत. मागच्या आठवड्यात तिच्या फोनवर हेच सगळं करून दिलं, बाहेर पडताना हिस्टरी आपोआप पुसली जाईल असंही केलं.

तिनं विचारलं, "म्हणजे मी रात्री काय वाचते ते आता कुणाला कळणार नाही?"

"अगदीच नाही असं नाही, पण पुष्कळ कमी."

"तुला?"

"मलाही नाही."

तिनं फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली.