एकदा घरबसल्या येऊन बघा

"चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला काढा, घरबसल्या पगार घ्या. एसटी-रेल्वे फुकट, सरकारी नोकरी राखीव. त्यातले निम्मे दाखले बोगस, आणि टॅक्स भरायचा आपण!" गेल्या आठवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवते. हे अर्ज माझ्याच हातून जातात, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी तो 'पगार'. ते संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. महिना 1500 होतं, ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2500 झालं. पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत पाहिजे. घरातला एक माणूस 300 रुपये रोजाने महिन्याचे 14 दिवस कामाला गेला, तर वर्षाचे 50,400 होतात. अर्ज बाद. केंद्र सरकारच्या अपंग पेन्शनला तर 80 टक्के अपंगत्व लागतं, वर दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, आणि केंद्राचा वाटा महिना 300 रुपये.

आता 'घरबसल्या'. मागच्या पावसाळ्यात एक मावशी एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषाने हातपाय आखडलेले. खात्याच्या केवायसीसाठी अंगठा लावायचा होता आणि त्याची मूठ उघडेना. मावशींनी चहावाल्याकडून गरम पाणी मागवलं, फडकं भिजवून एकेक बोट शेकत बसल्या. त्यांच्यामागे रांग चुळबुळत होती. अंगठा सातव्या खेपेला लागला. रिक्षाचे जाऊन-येऊन 400 रुपये गेले, आणि रिक्षापासून आत त्याला पाठीवर आणावं लागलं, कारण माझ्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. रॅम्प माझ्याकडेही नाही, हे इथेच कबूल करते. पुन्हा वर्षातून एकदा हयातीचा दाखला आहेच. पोरगा अजून जिवंत आहे, हे आईने दरवर्षी कागदावर दाखवायचं.

एसटी फुकट नाही. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर तिकिटात 75 टक्के सवलत मिळते. सोबत्याला 50 टक्के, तीही प्रवाशाचं अपंगत्व 65 टक्के किंवा जास्त असेल तरच. फुकट प्रवास आहे तो 75 वर्षांवरच्या सगळ्या ज्येष्ठांना, 2022 पासून, आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे हा मेसेज पाठवणाऱ्याचे वडील फुकट जातात, बायको अर्ध्या तिकिटात. त्यावर टॅक्सचं रडगाणं मी तरी वाचलेलं नाही. रेल्वेतही सवलतच आहे, आणि तीही कायद्याने मानलेल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांपैकी मोजक्यांना.

नोकरीचं थोडक्यात. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते आणि आरक्षण 3 टक्के. 2016 च्या कायद्यात प्रकार 21 झाले, आरक्षण 4 टक्के. ताटं तिप्पट वाढली, भाकरी एक वाढली. बरं, ही भाकरीही फक्त सरकारी पंगतीत.

राहता राहिले बोगस दाखले. आहेत, नाकारत नाही. 2024 मधलं, खोट्या दाखल्याचा आरोप झालेल्या प्रशिक्षणार्थी आयएएसचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं. अशा फसवणुकीला 2016 च्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ती जरूर व्हावी. पण बोगसवाला जातो खुर्चीच्या मागे, 2500 साठी कोण कशाला रांगेत उभा राहील? 'निम्मे' हा आकडा कुठून आला, हे मेसेजमध्ये नाही. आणि टक्क्यांचं म्हणाल तर 38 टक्के आलेला माणूस 40 वाल्यापेक्षा फार सुखात असतो असं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हेच सांगितलं: लेखनिकासारखी मदत द्यायला 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही.

माझं खरं भांडण वेगळंच आहे. मेसेजमधली यादी सवलतींची आहे, आणि मेसेजवाले त्यालाच सोय समजतात. तिकीट स्वस्त झालं म्हणून बसची पायरी खाली येत नाही. अनुदान मिळालं म्हणून कुणी अंघोळ घालायला येत नाही. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्ता हा शब्द 2016 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. माझ्या केंद्रात तसा एकही अर्ज आजवर भरला गेलेला नाही.

अंगठा लागल्यावर मावशींनी विचारलं होतं, "ताई, मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय मला. दोन दिवस कुणी ह्याच्यापाशी थांबंल अशी काय योजना हाय का गं?"

पोर्टलवरची यादी मी वरपासून खालपर्यंत बघितली. मग त्यांच्या समाधानासाठी परत एकदा बघितली.