तुले कोनं सांगतलं होतं जायाले?

आमच्या धुऱ्याचा, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचा, दावा अखेर खारीज झाला. धुरा होता तिथंच आहे, वादही आहे, दावा तेवढा गेला.

शेजारच्या भाऊंचं म्हणणं, मी धुरा कोरून त्यांच्या वावरातली दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळींची जागा, खाल्ली. ते वादी, मी प्रतिवादी. तारखेला मात्र दोघं एकाच एसटीनं जायचो, कारण दुसरी नव्हतीच. ज्याच्याकडे सुटे पैसे, तो दोघांचं तिकीट काढायचा. कोर्टाच्या फाटकापासून पुढं जरा अंतर ठेवून चालायचो, वकीलसाहेबांना वाईट वाटू नये म्हणून. सुनावणीत एका पक्षाला तीनच्या वर तहकुबी देऊ नये असा कायदा आहे, हेही मला वकीलसाहेबांनीच सांगितलं, पुढची तारीख घेऊन बाहेर येताना.

त्या दिवशी एसटीत भाऊ नव्हते. पुकारा झाला. वादी नाही, वादीचे वकीलही नाहीत. मी हात जोडून उभा. "दावा मान्य आहे का?" "नाही साहेब." सातबारा, मोजणीचा नकाशा, आज्यानं धुऱ्यावर लावलेलं बोरीचं झाड, सगळं घोकून ठेवलं होतं. बोलायला मिळाले ते दोन शब्द. दावा गैरहजेरीत काढून टाकला.

संध्याकाळी भाऊ दारात उभे. वाटलं, ओशाळले असतील. कसलं काय!

"तुले कोनं सांगतलं होतं जायाले? एक दिवस घरी बसला असता तं काय बिघडलं असतं बाप्पा?"

वकिलानं त्यांना फोनवर सगळं समजावलं होतं. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ९. दोघंही गैरहजर असते तर दावा गेला असताच, पण मुदत उरली असेल तर नवा टाकता आला असता. मी हजर, म्हणून नियम ८ लागला. आता त्याच कारणावर नवा दावा नाही. ३० दिवसांत अर्ज करायचा, न येण्याचं सबळ कारण दाखवायचं आणि जुनाच उठवून बसवायचा. म्हणजे धुरा मी कोरला की नाही ते ठरायचंच आहे, पण कोर्टात नुसता उभा राहून भाऊंचं नुकसान मी केलं, हे गावानं ठरवून टाकलं.

खरं कारण साधं होतं. कितीतरी दिवस मागं लागल्यावर कापूस वेचाले बाया आल्या, त्या नेमक्या तारखेच्या दिवशी. अशा दिवशी वावर सोडून कोर्टात जाणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. अर्जात मात्र ताप आला.

अर्जाची नोटीस मला आली. वकीलसाहेब म्हणाले, "ताप खोटा असेल तर तसा से, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, देऊ. त्या दिवशी तुम्ही त्यांना वावरात पाहिलं का?"

अख्ख्या गावानं पाहिलं होतं. मीच तेवढा नव्हतो, मी कोर्टात होतो. साक्षीला कोणी येता का, म्हणून पारावर विचारलं.

"येऊ ना गा," सगळे म्हणाले, "वेचनी झाल्यावर पाहू."