लंडन गेलं म्हणे! मामांच्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर काल मामांनी परत तोच मेसेज टाकला, वर्षातून दोनदा तरी येतोच तो. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटन संपलं, तिकडे मुलांचं नंबर एक नाव मोहम्मद, चर्चच्या मशिदी झाल्या, मुसलमानांमुळे पब बंद पडले, मेयरने ख्रिसमस बंद केला, लंडनमध्ये गोरे ब्रिटिश फक्त 36.8 टक्के उरले, आणि शेवटी एकदम सूर बदलून, पण आपला ऋषी सुनक आणि आपला मालवणचा वराडकर ब्रिटनचे पंतप्रधान झाले, दीडशे वर्षांचा हिशेब चुकता! मी 17 वर्षं लंडनमध्ये हॅरोला राहतेय. मामांना तोंडावर उलट बोलायची सवय नाही म्हणून इथे लिहितेय.

नावाचं आधी. 2023 ला इंग्लंड आणि वेल्समध्ये मुहम्मद पहिल्या नंबरवर आलं हे खरंय, 4,661 मुलं. पण त्या वर्षी मुलगे जन्मले तीन लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात दीड, आणि दोन नंबरचं नोआ 4,382. होतं काय, मुसलमान घरांत हे एक नाव पिढ्यान् पिढ्या ठेवतात आणि इंग्लिश लोकांना आता शेजाऱ्याच्या मुलाचं नाव आपल्याकडे नकोच असतं, काहीतरी वेगळं हवं (आपल्याकडे सुनील-संजय जाऊन रेयांश-कियान आले तसंच). आमच्या ऑफिसात पन्नाशीपुढचे तीन डेव्हिड आहेत, मुलाच्या वर्गात एक नाही.

चर्च ओस पडलीत, हो. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये 59.3 टक्के लोकांनी ख्रिश्चन लिहिलं होतं, 2021 ला 46.2. मग ते गेले कुठे? मुसलमान सगळे मिळून 6.5 टक्के, आणि 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे 37.2. म्हणजे कोणी हाकललं नाही हो त्यांना, रविवारी सकाळी ते झोपून राहतात एवढंच. रिकाम्या चर्चचे फ्लॅट झाले, कुठे गुरुद्वारा, कुठे मशीद. लंडनमधल्या ब्रिक लेनची मशीद बघा, 1743 ला फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांनी चर्च म्हणून बांधली, मग मेथडिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांकडे गेली, 1898 ला ज्यूंचं सिनेगॉग झालं, 1976 ला मशीद. जो नवा येतो तो तिथे प्रार्थना करतो, पावणेतीनशे वर्षं हेच चाललंय.

पबचं वाईट मलापण वाटतं, कारण आमच्या कोपऱ्यावरचा गेला आणि तिथे आता सुपरमार्केट आहे. पण कारणं इथल्या कुठल्याही पबवाल्याला विचारा, 2007 ची स्मोकिंग बंदी, बिअरवरचा टॅक्स, सुपरमार्केटात मिळणारे स्वस्त कॅन, गॅस-विजेची बिलं, आणि तरुण पोरं आधीच्या पिढीएवढी पीतच नाहीत. उलट बर्मिंगहॅमजवळ स्मेथिकला जा. साठच्या दशकात तिथल्या काही पबमध्ये आपल्यासारख्यांना आत घेत नव्हते, 1965 ला अमेरिकेतला काळ्यांचा नेता माल्कम एक्स तिथे येऊन गेला ते असला वर्णभेद बघायलाच. आज त्याच भागातले कितीतरी पब पंजाबी लोक चालवतात, बिअरबरोबर मिक्स्ड ग्रिल, फुटबॉलची मॅच आणि शेजारच्या टेबलावर गोरे म्हातारे. बंद पडायला आलेले पब ह्या परक्या म्हणवल्या जाणाऱ्यांनीच वाचवले की.

ख्रिसमस बंद वगैरे काही नाही. सादिक खान, टूटिंगचा बस ड्रायव्हरचा मुलगा, 2016 पासून मेयर आहे, आणि ट्रफाल्गर स्क्वेअरला नॉर्वेहून झाड येतं ते 1947 पासून येतच आहे. ही अफवा त्याच्यापेक्षा जुनी, 1997-98 ला बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून विंटरव्हल असं नाव दिलं, त्यात ख्रिसमस होताच, पण पेपरवाले कितीतरी वर्षं ख्रिसमसचं नाव पुसलं म्हणून बोंबलत राहिले.

आता आपला ऋषी. जन्म साउथॅम्प्टनचा, आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले, आजी-आजोबा पंजाबचे. 2022 ला पक्षाने नेता निवडायला मतदान घेतलं तेव्हा लिझ ट्रसकडून हरला, ती दीड महिन्यात कोसळली म्हणून खासदारांनी ह्याला बसवलं, आणि 4 जुलै 2024 ला जनतेने त्याच्या पक्षाला 121 जागांवर आणलं. चार्ल्सच्या राज्याभिषेकात हिंदू पंतप्रधानाने बायबल वाचलं, ते बघताना मला भारी वाटलं, खोटं का बोलू. पण त्याच्याच सरकारने 2024 ला स्किल्ड व्हिसासाठी पगाराची अट 38,700 पौंडांवर नेली आणि केअर वर्करना नवराबायको-मुलं आणायला बंदी केली, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या आपल्याकडच्या किती बाया त्यात अडकल्या असतील. हिशेब कोणाचा चुकता झाला म्हणायचा?

आणि वराडकर पंतप्रधान झाला तो आयर्लंडचा हो मामा! 1922 ला वेगळा झालेला देश आहे तो, डब्लिनच्या माणसाला ब्रिटिश म्हणून बघा एकदा.

खरं सांगायचं तर ह्या मेसेजची भीती मला 2024 च्या उन्हाळ्यात कळली. साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, आणि खुनी बोटीतून आलेला मुसलमान आहे असे मेसेज काही तासांत सगळीकडे फिरले. खून करणारा मुलगा ब्रिटनमधल्याच कार्डिफला जन्मलेला निघाला, तरी दंगल पेटलीच. मिडल्सब्रोमध्ये जमाव गाड्या थांबवून तू गोरा आहेस का, इंग्लिश आहेस का असं विचारत होता. हिंदू का मुसलमान असं कोणी विचारलं नाही. आमच्याकडे काही झालं नाही, तरी तो आठवडा मी वर्क फ्रॉम होम घेतलं.

36.8 चा आकडा मात्र बरोबर आहे, 2021 च्या जनगणनेतला. उरलेल्या 63.2 मध्ये आयरिश आहेत, पोलिश आहेत, घानाचे, बांगलादेशी, गुजराती आहेत, आणि मामांची सख्खी भाची आहे, जिचा व्हिसा आला तेव्हा मामांनीच ह्याच ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता.