बोल्ट मोजून ॲक्सल कळत नाही: सिन्नरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा. खरमरीत लिहिलंत, बरं झालं. तुमचं म्हणणं असं की जुन्या जीपचा पुढचा ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडून फिरवणारा आडवा भाग) ओळखायला एवढा घोळ कशाला. आरसी बुकातलं साल बघा, ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यावरच्या कव्हरचे बोल्ट मोजा, संपला विषय. चाक फिरवून रेशो (ॲक्सलच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा) काढणं तर तुम्हाला पोरखेळच वाटला.

बोल्टांचंच घ्या. डाना कंपनीच्या ॲक्सलांत २५ नंबरच्या कव्हरला १०, २७ ला १०, ३० ला १० आणि थोराड ४४ लाही १०. मोजून काय हाती लागलं? आरसी बुकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. खाली कुठला ॲक्सल बसलाय, ते नसतं. आणि या जीपांनी किती संसार केलेत! युद्धकाळातल्या विलीज जीपचा पुढचा ॲक्सल नंतरच्या सीजे-३बी जीपखाली बसतो. दिसायला भाऊ-भाऊ, पण विलीजचा रेशो ४.८८ आणि सीजे-३बीचा ५.३८. पुढे एक, मागे दुसरा असला की दहा टक्के फरक. इगतपुरीच्या चिखलात तो कळत नाही, चाकं घसरून जुळवून घेतात. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकली की लिव्हर परत निघता निघत नाही, आणि मग लोक गिअरबॉक्स उघडत बसतात.

म्हणून तो पोरखेळ. लिव्हर टू-व्हीलला, फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) असतील तर लॉक, पुढचं एकच चाक जॅकवर. गिअरबॉक्सकडून पुढच्या ॲक्सलकडे येणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि चाकाचे दोन पूर्ण फेरे द्या. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांचा हिशेब एकाचा होतो. शाफ्ट पाचला जेमतेम कमी फिरला तर ४.८८, पाचाच्या पुढे तिसरा हिस्सा गेला तर ५.३८. खात्रीच हवी तर कव्हर काढा. क्राउनच्या (आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) कडेला त्याचे ४३ आणि छोट्या पिनियनचे ८ असे दात कोरलेले दिसले की ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८.

चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा आतला जॉइंट कुठल्या जातीचा, ते मात्र बाहेरून सांगता येत नाही, तिथे मी हात टेकतो. बंद नकलमधून (चाकामागच्या वळणाऱ्या गोळ्यातून) ॲक्सलचा आतला शाफ्ट ओढल्यावरच दिसतं: पिंजऱ्यात सहा गोळ्या असतील तर झेप्पा, खाचांत चार आणि मधोमध एक असेल तर बेंडिक्स, गोळ्याच नसतील तर ट्रॅक्टा. सुटा जॉइंट मागवण्याआधी हे बघितलं नाही तर पैसे पाण्यात.

मारुती जिप्सीचं तुम्ही ‘सगळ्या सारख्याच’ म्हणून उडवून लावलंत. जुलै १९९३ मध्ये ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ९० मिलिमीटरनं वाढला, पुढचा १३०० झाला. टेप लावा, कळेल.

नाशिकच्या द्वारकेजवळच्या गॅरेजातली जी सीजे-३बी घ्यायची म्हणताय, तिचं मागचंही मोजा. तेव्हा गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड आणि हँडब्रेक सोडलेला. तो या जीपांत चाकांवर नाही, मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवर लागतो. आकडे जुळले नाहीत तर क्राउन-पिनियनचा खर्च धरून भाव पाडा.