बुऱ्हाणपूर सहल: ताई, तिकिटाचं चुकलंच, पण...

नमस्कार ताई,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, "राजवाडा म्हणून पडक्या भिंती दाखवल्या, मुमताजचा महाल दिसलाच नाही, वर तिकीटही आम्हीच काढायचं."

आधी तिकिटाचं. जाहिरातीत 'सर्व खर्चासह' म्हटलं होतं, तर तो खर्च आमचाच. बुकिंगच्या नंबरवर मेसेज टाका, आजच पैसे पाठवतो. जाहिरातीतला चकचकीत महालही बुऱ्हाणपूरचा नव्हता. पोरांनी कुठून तरी उचललेला फोटो, काढून टाकला.

पडक्या भिंतींबद्दल मात्र थोडं बोलू द्या. शाही किल्ला हा खान्देशच्या फारुकी सुलतानांचा वाडा. आपलं अख्खं खान्देश तेव्हा तापीकाठच्या याच शहरातून चालायचं. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण ही मधली राज्याची हद्द कालपरवाची. १६०० मध्ये अकबराने शहर घेतलं आणि दख्खनच्या मोहिमा इथून हलू लागल्या. १६१५ मध्ये इंग्रज राजदूत थॉमस रो इथे जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ याच्या दरबारात आला. खुर्ची मागितली तर मिळाली नाही, चांदीने मढवलेल्या खांबाला टेकायची तेवढी परवानगी मिळाली. (आमच्या गाडीतल्या सीटबद्दल तुमची तक्रार नाही, हे नशीब!)

मुमताज इथेच गेली, १७ जून १६३१ ला, चौदाव्या बाळंतपणात. पण तिला आधी पुरलं ते नदीपलीकडे, झैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत. सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. म्हणून किल्ल्यात तिचा महाल शोधून हाती काही लागत नाही. बघायचा तो हमाम, म्हणजे शाही स्नानगृह. मान वर करून छत पाहिलंत का? त्यावरची रंगीत वेलबुट्टी अजून टिकून आहे. तिथे कोणी छतावरच्या चित्रात ताजमहाल दाखवतं. आमचा गाईड ते मुद्दाम सांगत नाही. पण हमामात त्याने पाच मिनिटांत "चला, चला" केलं आणि मावा जलेबीच्या दुकानात अर्धा तास घालवला, हे मला बाकीच्यांकडूनही कळलं. त्याला बोललो आहे.

दख्खनचा कारभार औरंगाबादला गेल्यावर या वाड्याचा मान उतरला. १७६० मध्ये शहर मराठ्यांकडे आलं, आज किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. नवा रंग फासला नाही, म्हणून तो तुम्हाला पडका दिसला. मला तो तसाच आवडतो, पण ते आधी सांगायला हवं होतं.

पुढच्या सहलीपासून गाडी भुसावळहून सहालाच निघेल, आणि आहुखानाही धरला आहे.