व्हिक्टोरियन काळातली गुणकारी औषधं: फसवणूक गोळीपेक्षा डबीवर जास्त होती

व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या 'पेटंट' औषधांच्या जुन्या जाहिराती अधूनमधून इथे फिरतात आणि खाली शेरा ठरलेला असतो: "किती भोळे होते लोक!" मला हे पटत नाही. ही औषधं लागू पडत होती, घेणाऱ्याला ते कळत होतं, म्हणूनच तो पुन्हा दुकानात जात होता. कशामुळे लागू पडतं हे मात्र त्याच्यापासून दडवलेलं होतं, आणि या दडवण्याला कायद्याचं संरक्षण होतं. माझा राग त्यावर आहे.

लँकशरमधल्या सेंट हेलेन्स गावच्या बीचमच्या गोळ्या बघा. जाहिरात म्हणायची, एका डबीचं मोल एक गिनी. गिनी म्हणजे 21 शिलिंग, आणि बड्या डॉक्टरची रूढ फीसुद्धा एक गिनीच. डबी मिळायची 1 शिलिंग दीड पेनीला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून निष्कर्ष छापले. बीचमच्या एका गोळीत निघालं अर्धा ग्रेन, म्हणजे साधारण 32 मिलिग्रॅम, काळाबोळ. त्याहून किंचित जास्त सुंठपूड. आणि थोडा साबण. बस्स. 56 गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. शिलिंगचे बारा पेनी आणि पेनीचे चार फार्दिंग होतात. हिशेब केला तर गिऱ्हाईक मालाच्या 108 पट पैसे मोजत होतं.

आता ही कृती वाईट आहे का? नाही. काळाबोळ म्हणजे कोरफडीच्या पानातला कडू रस आटवून केलेला खडा. त्यातली द्रव्यं मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू ती फोडतात आणि आतडं चाळवतं, म्हणून रात्री घेतलेल्या गोळीने सकाळी पोट साफ होतं. सुंठ मुरडा कमी करायला, साबण गोळी बांधायला. बद्धकोष्ठाला ठीकच. पण जाहिरातीत पित्त, डोकेदुखी, चक्कर, झोपेत दचकणं असं सगळं यायचं, आणि माणूस रोज गोळी घ्यायला लागायचा. रोजच्या जुलाबाने शरीरातलं पोटॅशियम घटतं, अशक्तपणा येतो, आणि त्या अशक्तपणावर पुन्हा तीच गोळी.

जेम्स मॉरिसन या दुसऱ्या गोळीवाल्याने तर जुलाबावर सिद्धांतच उभारला. सगळे रोग दूषित रक्तातून होतात, ते जुलाबावाटे बाहेर काढा, बरं वाटलं नाही तर गोळ्या वाढवा. त्याच्या 'व्हेजिटेबल युनिव्हर्सल' गोळ्यांत कोरफडीबरोबर गॅम्बोज आणि कडू वृंदावन अशी जहाल रेचकं होती. दोन-चार गोळ्यांचं ठीक, पण वाढवत नेल्या की शरीरातलं पाणी संपतं. 1836 मध्ये त्याच्या एका विक्रेत्याला रोग्याच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधात दोषी ठरवून 200 पौंड दंड झाला. धंदा चालूच राहिला.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ती बाळांची औषधं. गॉडफ्रेज कॉर्डियल म्हणजे काकवी, सॅसाफ्रासचा सुवास आणि अफूचा अर्क. आई गिरणीत, बाळ शेजारणीकडे, आणि बाळ झोपून राहावं म्हणून चमचा. इथे दोन गोष्टी बिघडायच्या. जो तो औषधविक्रेता आपापल्या अंदाजाने बनवायचा, त्यामुळे एका दुकानाच्या सवयीचा चमचा दुसऱ्या दुकानच्या बाटलीतून दिला की मात्रा कुठल्या कुठे जायची. दुसरं, उभ्या बाटलीत अफू तळाशी बसायची. वरचे चमचे सौम्य, शेवटचे घातक. जी बाळं एका चमच्याने गेली नाहीत ती गुंगीत राहून दूधच ओढेनाशी झाली आणि उपासमारीने खंगली. नोंदीत कारण लिहिलं जायचं 'अशक्तपणा'. आपल्या गिरणगावातही कामावर जाणाऱ्या आया अफूच्या बाळगोळ्या देत असत. त्या आयांना दोष देण्याआधी त्यांच्या कामाचे तास मोजा.

मग सरकार काय करत होतं? कर घेत होतं. 1 शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनीचा स्टॅम्प लागायचा. बीचमच्या डबीची ती विचित्र किंमत तिथूनच आली. डबी उघडायची तर सरकारी शिक्का फाडावा लागे. गिऱ्हाइकाला वाटायचं, राणीच्या सरकारनेच पारखून दिलंय! मालकही तो शिक्का अस्सलपणाची खूण म्हणून मिरवायचे. खरं पेटंट मात्र फार थोड्यांकडे होतं, कारण त्यासाठी कृती उघड करावी लागते. 1868 च्या फार्मसी कायद्याने अफूच्या बाटलीवर 'विष' लिहिणं सक्तीचं केलं, पण पेटंट औषधांना सूट ठेवली. म्हणजे साधी अफू विकली तर इशारा, तीच काकवीत मिसळून नाव दिलं तर इशारा नाही. ही सूट निव्वळ निर्दयपणा होता.

क्लोरोडाइन या पेटंट औषधाचा उगम तर भारतातला. जॉन कॉलिस ब्राउन हा इथल्या फौजेतला डॉक्टर. त्याने 1848 च्या सुमारास कॉलऱ्यावर हे मिश्रण केलं. मॉर्फिन, क्लोरोफॉर्म, भांगेच्या जातीचा अर्क. मॉर्फिनने आतड्याची हालचाल मंदावते, जुलाब थांबतात, वेदना जातात. औषध म्हणून त्यात दम होता, पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने, ते यातून भरून निघत नाहीत. आणि सवय लागायची ती वेगळीच. अखेर 1892 मध्ये ते विकणाऱ्या कंपनीवर खटला झाला, मग 'विष' ही चिठ्ठी चिकटली.

संसदेच्या समितीने या सगळ्या धंद्याची चौकशी करून अहवाल दिला तो 4 ऑगस्ट 1914 ला, नेमकं ब्रिटनने युद्ध पुकारलं त्या दिवशी. तो बाजूला पडला. घटक डबीवर छापायची सक्ती आणि स्टॅम्पचा शेवट हे दोन्ही व्हायला 1941 साल उजाडलं.